आईच्या नावाचा रकाना

माझ्या खिडकीवर येणारा माणूस पहिलं वाक्य बहुतेक वेळा खोटंच बोलायचा. "काही नाही, सहज बघायचं होतं," असं म्हणायचा. शंभर वर्षांपूर्वीची जमिनीच्या फेरफाराची नोंद कोणी सहज बघायला येत नाही. चुलत्याला जमिनीतून बाहेर काढायचं असतं, नाहीतर स्वतःला आत घालायचं असतं. मी अर्ज पुढे करायचो. अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तिथे माणूस थोडा खरा बोलतो.

नाशिक जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. बाहेरच्या माणसाला तिथे फक्त धूळ दिसते. कापडात बांधलेले गठ्ठे असतात, त्यांना आम्ही रुमाल म्हणतो. एकेका रुमालात एकेका गावाचं आयुष्य असतं. कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाची जमीन कोणाकडे गेली, ते सगळं. माझं काम एवढंच, की अर्ज आला की रुमाल सोडायचा, नोंद शोधायची, नक्कल करायची आणि शिक्का मारून द्यायची. जुन्या नोंदी मोडी लिपीत. ती मला आमच्या आधीच्या रेकॉर्ड कीपरांनी शिकवली. म्हणून निवृत्त झाल्यावरही माझा फोन थांबला नाही. हल्ली तर जातीच्या दाखल्यासाठी घरटी एक माणूस पणजोबाच्या शोधात असतो.

गमतीही खूप झाल्या. एका गृहस्थांना त्यांचे खापरपणजोबा सरदार होते असं लहानपणापासून सांगितलेलं. मी दोन दिवस मोडी कागद वाचून काढले. खापरपणजोबा सापडले, पण शेजाऱ्याचा बांध कोरला म्हणून चावडीवर बोलावलेल्यांच्या यादीत. मला वाटलं, गृहस्थ आता रडतील. ते म्हणाले, "पण नाव सरकारी कागदावर आहे ना?" आणि ती नक्कल फ्रेम करायला घेऊन गेले.

असे हसण्यासारखे पुष्कळ अनुभव आहेत. पण जो सांगायला बसलोय तो तसा नाही. त्यातली बाई आता हयात नाही म्हणून लिहितो आहे. नावं बदलली आहेत आणि गावांची नावं लिहिलेलीच नाहीत.

एका निवडणुकीच्या आधी नाशिकच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई माझ्या घरी आल्या. त्यांचं नाव वैशालीताई. वय चाळिशीच्या आत, बोलणं सरळ. त्यांचा पक्षकार निफाडकडच्या एका पुढाऱ्याच्या विरोधात उभा राहणार होता. या पुढाऱ्याला मी भाऊसाहेब म्हणतो.

"काका, भाऊसाहेब राखीव जागेवरून उभे राहताहेत. त्यांचा जातीचा दाखला मला खोटा वाटतो. घराण्याचं जेवढं रेकॉर्ड सापडेल तेवढं काढून द्या. आजोबांचं, वडिलांचं, त्यांचं स्वतःचं. सगळं."

"आणि दाखला खरा निघाला तर?"

"तर खरा निघाला. पण मला कागद बघायचाय."

हे उत्तर मला आवडलं. मी काम घेतलं.

भाऊसाहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या तालुक्यात तुम्ही कुठूनही शिरा, समोर कमान दिसेल ती त्यांच्या आईच्या नावाची, 'मातोश्री कै. पार्वतीमाई'. महाविद्यालय त्यांच्या नावाचं, दूध संघ त्यांच्या नावाचा, पाण्याच्या टँकरवरही त्यांचाच फोटो. भाऊसाहेबांना जन्म देताना त्या माउलीने प्राण सोडला, अशी हकिगत होती. म्हणून भाऊसाहेब स्वतःचा वाढदिवस करत नसत. त्या दिवशी आईचा स्मृतिदिन करत. हजारो माणसं जमत. भाऊसाहेब बोलायला उभे राहत आणि म्हणत, "मी पहिला श्वास घेतला तेव्हा माझ्या आईनं शेवटचा घेतला." पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावत. मी स्वतः ते भाषण दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा चष्मा काढून डोळे पुसले होते.

आजोबांची नोंद लवकर सापडली. भाऊसाहेबांचं मूळ गाव चांदवडच्या बाजूला. त्यांचे वडील नामदेवराव तिथलं थोडं विकून निफाडला जमीन घेऊन आले, तेव्हा भाऊसाहेब तान्हे होते. चांदवडकडच्या गावाच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत आजोबांची जन्मनोंद होती. मोडीत, स्वच्छ अक्षरात, जातीसकट. दाखला शंभर टक्के खरा होता. माझं काम खरं तर तिथेच संपलं होतं.

पण 'सगळं काढा' असं बाई म्हणाल्या होत्या आणि मला अर्धवट रुमाल बांधायची सवय नाही. त्याच गावाच्या नंतरच्या वहीत मी पार्वतीबाईंची मृत्यूनोंद शोधायला बसलो. स्मृतिदिनाची तारीख तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होती. त्या तारखेला नोंद नव्हती. पुढे मागे पाहिलं. नव्हती. म्हटलं, नोंदवायची राहिली असेल. वही मिटता मिटता उलट्या बाजूने पानं चाळली आणि नोंद दिसली. पार्वतीबाई, नवऱ्याचं नाव नामदेव, वय वीस, कारण ताप.

तारीख भाऊसाहेबांच्या जन्माच्या चौदा महिने आधीची होती.

मी चष्मा पुसला. बोटावर महिने मोजले. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, घर सगळं जुळत होतं. दुसरी पार्वतीबाई त्या घरात नव्हती. म्हणजे ज्या बाईच्या नावाने कमानी उभ्या होत्या, ती बाई मुलगा जन्माला यायच्या चौदा महिने आधीच वारली होती. मी आयुष्यभर चुकीच्या तारखा पाहिल्या आहेत, खाडाखोड पाहिली आहे. पण मेलेल्या बाईला मूल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वहीत भाऊसाहेबांची जन्मनोंदही नव्हती. मग जन्म झाला कुठे? निफाडकडच्या ज्या शाळेत भाऊसाहेब पहिलीत गेले, तिथलं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं. मूल शाळेत आलं की त्याचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव लिहायची ही वही. जन्मगावाच्या रकान्यात निफाड नव्हतं, चांदवडही नव्हतं. सटाण्याच्या बाजूच्या एका लहान गावाचं नाव होतं. त्या गावाशी या घराण्याचा काय संबंध, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी त्या गावी गेलो. ग्रामपंचायतीचा शिपाई माझ्याच वयाचा होता. त्याने जुनी वही काढली, स्वतःच तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हाई नोंद शे बाबा. पन बापनं नाव नही शे."

मी वाचलं. मुलगा. तारीख बरोबर तीच. वडिलांच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. आईचं नाव गंगूबाई, मयत नवऱ्याचं नाव विठोबा. खबर देणार, गंगूबाईचा बाप, आणि त्याचा अंगठा. शेवटच्या रकान्यात शेरा होता, 'आई विधवा. नवरा वारून तीन वर्षे.'

विठोबा हे नाव मी चांदवडच्या वहीत पाहिलं होतं. नामदेवरावांचा थोरला भाऊ. गंगूबाई म्हणजे त्याची विधवा, नामदेवरावांची भावजय. म्हणजे भाऊसाहेबांची चुलती.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. शिपायाने पाणी आणून दिलं. मला पहिला विचार आला तो वकिलीचा होता, हे कबूल करतो. मुलाची जात बापाकडून येते आणि इथे सरकारी वहीत बापाचा रकाना रिकामा होता. आजोबांची नोंद कितीही स्वच्छ असली, तरी आजोबा आणि नातू यांच्यामधला दुवाच या कागदाने तुटत होता. वैशालीताईंच्या हातात हा कागद पडला तर भाऊसाहेबांचा दाखला अडचणीत येणार, उमेदवारी जाणार, आणि कमानींचं हसं होणार. मी नक्कल घेतली.

तरी खात्री करायला हवी होती. नाव एक आणि माणसं चार, असं आमच्या कामात रोज घडतं. निफाडच्या गावाच्या मतदार यादीत भाऊसाहेबांच्या घर क्रमांकात मला एक नाव सापडलं, गंगूबाई भ्रतार विठोबा, म्हणजे नवरा विठोबा. जुन्या यादीत होतंच, पण चालू यादीतही होतं. म्हणजे बाई हयात होत्या आणि त्याच घरात राहत होत्या.

मी भाऊसाहेबांच्या मळ्यात गेलो तेव्हा दुपार होती. द्राक्षांच्या छाटणीची माणसं बागेत होती. बंगल्याच्या ओट्यावर एक म्हातारी बाई लसूण सोलत बसली होती. मागे भिंतीवर पार्वतीमाईंचा पुरुषभर उंचीचा फोटो.

"कोण पायजे?"

"भाऊसाहेबांना भेटायचं होतं. मी कचेरीत रेकॉर्डचं काम बघायचो."

"कसलं रेकॉर्ड?"

"जुन्या नोंदी, आजी. जन्माच्या, मृत्यूच्या."

त्यांचा हात थांबला. "कुठं कुठं जाऊन आले?"

मी सटाण्याकडच्या गावाचं नाव घेतलं.

"माझं माहेर हाय ते. वही हाय अजून?"

"आहे."

"वाळवी नाय लागली?"

"कडेला लागलीये. नोंद शाबूत आहे."

मी त्यांना प्रश्न विचारायला आलो होतो. आता विचारायला काही उरलंच नव्हतं. त्यांनीच विचारलं, "बापानं काय लिव्हून घेतलं व्हतं त्यात? मला वाचता येत नाय."

मी नक्कल काढली आणि हळू आवाजात वाचली. आईच्या नावाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"तेवढं परत वाचा."

"आईचे नाव, गंगूबाई."

"परत."

मी तिसऱ्यांदा वाचलं. त्या रडल्या नाहीत. लसणाची परडी बाजूला सरकवली आणि बोलायला लागल्या, जणू इतकी वर्षं कोणी विचारण्याचीच वाट बघत होत्या.

"भावकी म्हनली, पार्वतीचं नाव लावा. माझा बाप म्हनला, मेलेल्या बाईला बाळंत करू का? म्हनला, नामदेवाला पोराचा बाप म्हनून अंगठा द्यायची लाज वाटती तर रेघ मारा, पन आईचं नाव खोटं नाय लावू देनार. मंग इकडं आलो. इकडं कोनाला काय ठावं? पार्वतीचं पोर म्हनून आनलं, आन मी चुलती. पहिल्या दिवसापासून चुलती. दूध मीच पाजलं, पन दार लावून."

"शाळेत कोणी घातलं?"

"मीच. मास्तरनं जन्मगाव इचारलं, मी खरं सांगितलं. बाकी सगळं घरच्यांनी सांगून पाठवलं व्हतं. गावाचं नाव सांगायचं इसरले ते."

माझ्या तोंडून त्यानंतर जे निघालं, त्याचं मला आजही नवल वाटतं. एकतीस वर्षं ज्याने कागदाचा तुकडा वाया जाऊ दिला नाही, तो मी म्हणालो, "आजी, घाबरू नका. हा कागद मी इथेच फाडून टाकतो."

"फाडू नका!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मी दचकलो. "मला द्या. दुसऱ्या कुठल्या कागदावर मी त्याची आई नाय."

मी नक्कल त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात मला जाणवलं, दारात कोणीतरी आहे. भाऊसाहेब होते. बागेतून चालत आले होते, पायाला माती होती. किती वेळ उभे होते ते माहीत नाही, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पुरेसा वेळ होते.

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. किंवा ओरडेल. किंवा तिच्याजवळ जाईल. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा झाला का?"

मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "काकू, आत जा. ऊन आलंय ओट्यावर."

काकू. ऐकल्यानंतरही काकू. बाईंनी कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत घातली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या.

भाऊसाहेब मला फाटकापर्यंत सोडायला आले. अगदी सहज आवाजात त्यांनी विचारलं, "कुठल्या वहीत सापडलं हे?"

आणि मी सांगितलं. गाव, वर्ष, पान. खिडकीत बसून जन्मभर जे विचारेल त्याला सांगत आलो, तसंच सांगून टाकलं. रस्त्यावर आलो तेव्हा लक्षात आलं, मी काय करून बसलो.

वैशालीताईंना मी आजोबांची नोंद दिली आणि म्हणालो, "जात खरी आहे. दाखल्यात खोट नाही."

"आणि त्यांच्या जन्माची नोंद?"

"ती सापडली. पण मी देणार नाही."

"काका, तो सार्वजनिक कागद आहे."

"आहे. म्हणूनच तुम्हाला अडवत नाही. गाव शाळेच्या रजिस्टरमध्ये कळेल."

त्या गेल्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "काका, वही आहे. पान नाहीये."

मी पुन्हा एसटीने गेलो. शिपायाने वही समोर ठेवली आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. मागचं पान होतं, पुढचं होतं. मधलं शिवणीपाशी ब्लेडने कापलेलं होतं, इतकं सफाईने की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. रेकॉर्ड रूममध्ये उंदरांनी खाल्लेले कागद मी पाहिले होते, पुराच्या पाण्यात लगदा झालेले पाहिले होते. उंदराला नाव वाचता येत नाही. हे नाव वाचून कापलं होतं. आणि ते कुठे आहे ते मी सांगितलं होतं. मी बाकावर बसलो. त्या एका पानावर आणखी पाच-सहा पोरांचे जन्म होते. त्यांची नातवंडं उद्या दाखल्यासाठी येतील, त्यांना काय सापडणार?

"तुम्ही साक्ष द्याल?" वैशालीताईंनी विचारलं.

साक्ष दिली तर त्या बाईचं नाव दुसऱ्या दिवशी चौकाचौकात चघळलं जाणार होतं. मी नाही म्हणालो. पान गहाळ असल्याचा लेखी अर्ज मात्र तालुक्याला दिला. 'चौकशी चालू आहे' असं उत्तर आलं. असं उत्तर मी स्वतः अनेकांना टाईप करून दिलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो. वैशालीताई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं चुकलं नाही.

तीन आठवड्यांनी स्मृतिदिन आला. मी गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. मला वाटत होतं, आज भाऊसाहेब ते वाक्य बोलू शकणार नाहीत. निदान अडखळतील. मंडप भरला होता. पहिल्या रांगेत, फोटोच्या अगदी समोर, गंगूबाई बसल्या होत्या. त्यांच्याच हातून फोटोला हार घालून घेतला. दर वर्षीच घालून घेत म्हणे, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

भाऊसाहेब उभे राहिले. "मी पहिला श्वास घेतला तेव्हा माझ्या आईनं शेवटचा घेतला." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आवाज तिथेच कापला जिथे नेहमी कापायचा. बायांनी पदर डोळ्याला लावले. गंगूबाईंनीही लावला. मला तिथे बसवेना. मी बाहेर येऊन टँकरच्या सावलीत उभा राहिलो. टँकरवर पार्वतीमाई हसत होत्या. वीस वर्षांची, तापाने गेलेली मुलगी, तिचं स्वतःचं मरणही त्यांनी तिच्याकडे राहू दिलं नव्हतं.

भाऊसाहेब निवडून आले.

थंडीत गंगूबाई गेल्या. बातमी मला पेपरात दिसली, 'भाऊसाहेबांच्या काकूंचे निधन', आतल्या पानावर चार ओळी. दहाव्यानंतर मी त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथला ग्रामसेवक माझ्या ओळखीचा, मोडी वाचायला कधीमधी माझ्याकडे यायचा. मला त्या बाईची शेवटची नोंद बघायची होती. तिच्यात नातं काय लावलं आहे, एवढंच.

ग्रामसेवक मला पाहून उठला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"बरं झालं आलात काका. मला विचारायचंच होतं." त्याने अर्जाची फाईल काढली. मृत्यू नोंदवायला जो येतो, त्याला अर्जात मयताशी आपलं नातं लिहावं लागतं. "साहेबांचा माणूस अर्ज भरून घेऊन आला होता. नात्यापुढे 'पुतण्या' लिहिलेलं होतं. मी नोंद करायला घेतली. तेवढ्यात साहेब स्वतः आले. एकटे. अर्ज मागितला, बराच वेळ बघत बसले. मग पेन घेतलं."

त्याने अर्ज माझ्यासमोर ठेवला. 'पुतण्या' हा शब्द एका रेघेने खोडलेला होता. वर लिहिलं होतं, 'मुलगा'. खाडाखोडीच्या बाजूला नियमाप्रमाणे पूर्ण सही.

"काही बोलले का?"

"नाही. फक्त विचारलं, हे आता कोणाला बदलता येईल का? मी म्हटलं, नाही साहेब. तर म्हणाले, बरं. आणि गेले."

ज्या माणसाबद्दल मी मनात एक निकाल लावून ठेवला होता, त्याच्या हातची ती तीन अक्षरं. मला त्याची कीव येत होती, रागही जात नव्हता. तिला ऐकू जाईल असं हे त्याने एकदा तरी म्हटलं असेल का, हे मला कळायला मार्ग नव्हता. आणि कापलेलं पान काही परत येणार नव्हतं.

ग्रामसेवक आवाज खाली करून म्हणाला, "काका, सगळ्या गावाला माहीत आहे, ती त्यांची चुलती होती. उद्या कोणी चूक काढली तर माझ्यावर येईल. वहीत अजून चढवलेली नाही, दुरुस्ती करून घेऊ का?"

"नको," मी म्हणालो. "नोंद बरोबर आहे. वहीत तशीच उतरव. आणि वही कपाटात ठेवून कुलूप लाव."

त्याने माझ्यासमोर कुलूप लावलं. मी ते ओढून पाहिलं आणि मगच बाहेर पडलो.